औरंगाबादचं ऊन आणि पाऊण सेंटिमीटर

औरंगाबादला लोक वेरूळ-अजिंठा पाहायला जातात. मी गेले काचेच्या नळीतला आवाज मोजायला. तिथल्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची फिजिक्सची प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि बाहेरून येणारे परीक्षक आयत्या वेळी आजारी पडले. एप्रिलच्या उन्हात मराठवाड्यात जायला कुणी तयार होईना, तेव्हा कुणीतरी माझं नाव सुचवलं. सुचवणाऱ्याचं माझ्यावर फारसं प्रेम नसावं.

मी कोकणातली, समुद्राकाठची. अठरा वर्षं कॉलेजात लाटा शिकवते आणि शिकवताना त्या वर्गाच्या खिडकीतून दिसतातही. परीक्षक म्हणून माझी ख्याती कडक. उत्तर दोन-चार मीटरच्या पलीकडे गेलं की मी सोडत नाही. आमच्याकडच्या मेस्त्री नावाच्या एका मुलाला मी नऊ मीटरसाठी नापास केलं होतं, ती गोष्ट आमच्या स्टाफरूममध्ये अजून चहाबरोबर निघते. बहुतेक वेळा मीच काढते. तो मुलगा पुढे परीक्षेच्या वाटेला गेलाच नाही आणि होड्यांची इंजिनं दुरुस्त करायला लागला, एवढं मला ऐकून माहीत होतं.

हे मीटर कसले ते सांगायला हवं. आवाज हवेतून एका सेकंदात किती मीटर जातो ते काढायचा हा प्रयोग. एका उभ्या काचेच्या नळीत पाणी भरतात. नादकाटा, म्हणजे चिमट्यासारखा पोलादी काटा, वाजवून नळीच्या तोंडावर धरतात आणि पाणी हळूहळू खाली उतरवतात. एका ठिकाणी नळीतली हवा त्या काट्याच्या सुरात सूर मिसळते आणि आवाज एकदम घुमतो. तिथं थांबायचं. पाण्याच्या वर किती हवा उरली ते पट्टीनं मोजायचं आणि एक गुणाकार करायचा. सगळी भिस्त कानावर असते.

वाळ्याचे पडदे

पुण्याहून एसटी सकाळी निघाली आणि दुपारी मी औरंगाबादला उतरले तेव्हा माझ्या अंगात घाम नावाचा पदार्थच शिल्लक नव्हता. आमच्याकडे उन्हाळ्यात माणूस भिजतो, इथं वाळतो. घ्यायला देशमुख सर आले होते, कॉलेजातले फिजिक्सचे प्रमुख आणि परीक्षेतले माझे जोडीदार. उंच, सावकाश बोलणारे, डोक्यावर पांढरा रुमाल. मला पाहून जरा बावरले. परीक्षक बाई असेल हे तारेत लिहिलेलं नव्हतं.

"मॅडम, व्हरांड्यातल्या खाटेची सोय केली होती आम्ही. आता घरात करतो."

त्यांच्या घराच्या खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावलेले होते आणि त्यांच्यावर सारखं पाणी मारत होते. वाऱ्याची झुळूक त्यातून आत आली की गार वास दरवळायचा. माठातल्या पाण्यालाही तोच वास. आमच्या समुद्राची हवा मी कधी मोजली नव्हती, इथं प्रत्येक झुळूक मोजायला लागले.

संध्याकाळी सर पाणचक्की दाखवायला घेऊन गेले. दूरच्या डोंगरातून जमिनीखालच्या नळांनी आणलेलं पाणी उंचावरून हौदात कोसळतं आणि त्याच्या जोरावर चक्की फिरायची. हौदाच्या काठावर थंडावा होता. मी शेंगा खात होते. एक टरफल पाण्यात पडलं आणि पुढच्या वलयावर खाली-वर होत जागच्या जागी राहिलं. वलय मात्र पार पलीकडच्या काठाला जाऊन टेकलं.

"बघा सर," मी म्हणाले, "पाणी कुठंच जात नाही. जातं ते फक्त हलणं. टरफल तिथंच आहे."

सर नम्रपणे म्हणाले, "व्हय मॅडम. मी पण हेच दाखवतो पोरांना. याच हौदात." तीस वर्षं शिकवणाऱ्या माणसाला मी लाट समजावत होते! मी गुपचूप उरलेल्या शेंगा संपवल्या.

रात्रीचं जेवण प्रयोगशाळेतल्या रशीदभाईंकडून आलं. ते तिथले जुने सहायक. नळ्या, तारा, भिंगं सगळं त्यांच्या ताब्यात. मासे मिळणार नाहीत म्हणून मी मनातून रुसून बसले होते, पण त्यांच्या घरचा नान-कलिया पुढे आला तेव्हा माझा रुसवा कुठं गेला कळलंच नाही. केशरी रंगाची मऊ नान आणि हळद-मसाल्याचा दाट मटणाचा रस्सा. सरांच्या घरी सामिष शिजत नाही, म्हणून मला व्हरांड्यात वाढलं आणि सर सोबतीला बाहेर येऊन बसले, समोर आपली भाकरी-पिठलं घेऊन. ही रीत मला फार आवडली.

परीक्षा

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा होती, पण वीज गेली, ती आली तेव्हा प्रश्नपत्रिकांचं पाकीट सापडेना, मग चहा आला. असं करत काम सुरू झालं तेव्हा भर दुपार. प्रयोगशाळेला पत्र्याचं छप्पर. भिंतीवर तापमापक टांगलेला होता आणि तो एक्केचाळीस दाखवत होता. मी तो पाहिला, "बाप रे" म्हटलं आणि पंख्याखाली जाऊन बसले. फिजिक्सच्या बाईनं तापमापक पाहून फक्त बाप रे म्हणावं, याची लाज मला नंतर वाटली.

सरांनी एक घडी केलेली चिठ्ठी माझ्या हाती दिली. ही चिठ्ठी सगळीकडे असते. परीक्षेआधी तिथले शिक्षक प्रत्येक प्रयोग स्वतः करून त्याचं उत्तर लिहून ठेवतात आणि बाहेरच्या परीक्षकाला देतात. त्याच्याशी ताडून गुण द्यायचे. आमच्या कॉलेजात ती चिठ्ठी मी करते. सरांच्या चिठ्ठीवर होतं: तीनशे एक्केचाळीस.

मुलं भराभर उत्तरं आणायला लागली. तीनशे चाळीस. तीनशे बेचाळीस. तीनशे एक्केचाळीस. मी खूश झाले. म्हटलं, कान तयार आहेत या पोरांचे.

शेवटचं टेबल खिडकीपाशी होतं. तिथं सुमन नरवडे नावाची मुलगी उशिरा येऊन उभी राहिली होती, कारण पाचोडची एसटी उशिरा आली होती. तिनं वही आणली. तीनशे छप्पन्न.

"चुकलंय," मी म्हणाले. "परत बघ."

ती गेली, बराच वेळ नळीला कान देऊन उभी राहिली आणि परत आली. "नाय मॅडम, हेच येतंय. चारदा बघितलं."

"सगळ्या वर्गाचं वेगळं आलंय."

"व्हय मॅडम. पण मला तिथंच घुमल्यासारखं ऐकू येतंय. पाणी वर घेतलं की आवाज बसतो."

तिचं पट्टीवरचं माप आणि इतरांचं यात फरक होता पाऊण सेंटिमीटरचा. तिच्या नळीतली हवा तेवढी जास्त लांब होती. मी मान हलवली आणि तोंडी प्रश्नांकडे वळले. बाकीच्यांनी लाट म्हणजे काय ते एका दमात म्हणून दाखवलं होतं, माध्यमाच्या कणांपासून ऊर्जेपर्यंत, मध्ये श्वास न घेता. हिला मी विचारलं, "समुद्र बघितलायस?"

"नाय मॅडम."

"मग लाट कुठं बघितलीस?"

"ज्वारीत." तिनं तळहात आडवा सरकवला. "वारं आलं की या बांधापासून त्या बांधापर्यंत कणसं हालत जात्यात. ज्वारीचं ताट आपलं जागच्या जागीच ऱ्हातं."

"आणि आवाजाची लाट?"

"ती तशी नसती. ती गाड्यांसारखी. जिनिंगपुढं कापसाच्या बैलगाड्या रांगेत उभ्या असत्यात. पुढची एकदम मागं सरली की तिचा धक्का मागचीला, तिचा तिच्या मागचीला. धक्का पार शेवटाला पोचतो. गाड्या तिथंच. हवा अशीच मागंपुढं दबती, वर-खाली होत नाय."

"उजेडाला काय लागतं?"

"त्याला कायच नाय लागत. तिथं ना ज्वारी ना गाड्या. मोकळ्यातनं बी येतो."

ज्वारीच्या बाबतीत थोडा वाद घालता आला असता. मी घातला नाही. इतकं स्वतःच्या डोळ्यांनी पाहून दिलेलं उत्तर मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. तोंडी परीक्षेचे तिला पैकीच्या पैकी दिले. पण उत्तराचे गुण उत्तराचे. तिथं मी शून्य लिहिलं. बेरीज केली तर पास व्हायला तिला दोन गुण कमी पडत होते.

सर गुणपत्रकाकडे बघत राहिले. "मॅडम, काही करता येतंय का? पाचोडच्या शाळेनं विज्ञानाच्या मास्तराची जागा हिच्यासाठी जूनपर्यंत धरून ठेवलीय. वर्ष झालं तिथं विज्ञान शिकवायला कुणी नाही. प्रात्यक्षिकात गेली तर पदवी गेली. जागा दुसरीकडं जाती."

मी म्हणाले, "सर, कानच चुकीचा असेल तर ती काय शिकवणार?"

हे वाक्य मी म्हटलं. ते इथं लिहावंसं वाटत नाही, पण म्हटलं हे खरं. गुणपत्रक पाकिटात गेलं, रशीदभाईंनी लाख वितळवली, आम्ही दोघांनी सह्या केल्या. सोमवारी ते विद्यापीठात पोचायचं होतं.

सिल्लोडच्या रस्त्यावरचं लग्न

मध्ये रविवार. सरांच्या पुतणीचं लग्न सिल्लोडच्या रस्त्यावरच्या एका गावात होतं आणि पाहुण्याला घरी एकटं ठेवून लग्नाला जाणं त्यांच्याकडे बसत नाही. मला ना मुलगी माहीत ना मुलगा, तरी मला मानाच्या जागी बसवून, कुंकू लावून, ओटी भरून मोकळे झाले. आमच्याकडे ओळख असली तरी माणूस आमंत्रणाची वाट बघत बसतो. इथं मी दहा मिनिटांत कुणाची आत्या झाले आणि कुणाची मावशी. पंगतीत बुंदी आग्रहानं वाढली, वांग्याची भाजी नाकातून पाणी काढणारी होती, आणि "मॅडम कोकणातल्या हायेत, त्यांना भात वाढा" असं ओरडत एक आजोबा माझ्या पानात भाताचा डोंगर रचून गेले.

मुहूर्त लांबला. मी सावली शोधत मांडवामागे गेले तर तिथं सनईवाले बाबा बसले होते. सत्तरीचे, दाढीचे खुंट पांढरे. सनईच्या तोंडाशी असलेली पत्ती काढून ते तिच्या मुळाशी दोरा गुंडाळत होते. शेजारी पेटीवाला एकच पट्टी दाबून धरून बसला होता. बाबा फुंकायचे, ऐकायचे, नाक मुरडायचे, परत दोरा.

"बिघडली का?" मी विचारलं.

"बिघडती कशाला? चढलीय." त्यांनी वरच्या उन्हाकडे हात केला. "उन्हाळ्यात लई चढती, बाई. पेटी मेली जागची हालत नाय. मंग हिला खाली आणायची म्हंजी लांब करायची. दोरा देऊन पत्ती उचलायची."

"किती?"

"थंडीच्या मानानं दोन गव्हाएवढी." त्यांनी बोटाच्या पेरावर दोन दाणे आडवे ठेवल्यासारखं दाखवलं. "पहाटंच्या लग्नात हीच खाली दाबायची. गार हवा आळशी आसती. तापली की पळती."

मी तिथं उभी होते आणि माझे कान तापले, उन्हानं नव्हे. गार हवा आळशी, तापली की पळते. हे मी अठरा वर्षं फळ्यावर लिहीत आले होते. हवा जेवढी गरम तेवढा त्यातून जाणारा आवाज जलद. आवाज जलद झाला की तोच सूर धरायला नळी लांब लागते. सनईवाले बाबा ती दोन गव्हांनी वाढवत होते, सुमननं पाऊण सेंटिमीटरनं वाढवली होती. आणि भिंतीवरचा तापमापक एक्केचाळीस सांगत असताना मी पंख्याखाली बसले होते.

मंगलाष्टकं चालू असतानाच मी सरांना बाजूला घेतलं. "सर, तुमची ती चिठ्ठी तुम्ही कधी केलीत?"

सर अक्षता हातात धरून विचार करत राहिले. "डिसेंबरात. सकाळी सात वाजता. वर्ग भरायच्या आत." मग त्यांचाही चेहरा उतरला. अक्षता टाकायच्या राहून गेल्या.

पत्र्याखाली

दुपारी तीनला आम्ही कॉलेजात. रशीदभाईंनी कुलूप काढलं. तापमापक पुन्हा एक्केचाळीसला. मी काटा वाजवला, सरांनी पाणी उतरवलं. सरांच्या चिठ्ठीच्या जागी नळी गप्प होती. पाऊण सेंटिमीटर खाली गेल्यावर ती घुमली. तीनदा केलं, तीनदा तिथंच. मी कागदावर गुणाकार केला आणि सरांकडे न बघता कागद पुढे सरकवला. तीनशे छप्पन्न.

मग खरा प्रश्न आला. सुमन बरोबर होती, तर बाकीचा वर्ग काय होता? एक्केचाळीस अंशांत तीनशे एक्केचाळीस कुणालाच ऐकू येणं शक्य नव्हतं. मग सगळ्यांनाच ते कसं ऐकू आलं?

रशीदभाई नळी पुसत होते. तीच नळी, पुन्हा पुन्हा. शेवटी म्हणाले, "मॅडम, बच्चे अपनेच हैं. बाहेरून एवढ्या दुरून परीक्षक येणार म्हणले, घाबरून गेले होते. मैंने बस कान में बोल दिया, सरांचं उत्तर इतकं हाय. ती पाचोडवाली लडकी देरी से आयी. तिला सांगायचं राहून गेलं." आणि मग अगदी हळू, "मी तर समजत होतो, तिचं नुकसान माझ्याच्यानं झालं."

मला रागावता आलं नाही. ते प्रेमानं केलेलं पाप होतं आणि ते पाहुणचारासारखंच सगळ्यांना वाढलं होतं. एकच पान रिकामं राहिलं होतं आणि तेवढंच खरं निघालं.

सर खुर्चीत बसले. "मॅडम, पाकीट उघडलं तर माझी चिठ्ठी चुकीची हे लिहून द्यावं लागंल. रशीदभाईंचं नाव येईल. तीस पोरांचे गुण जातील. नाही उघडलं तर एकीचं वर्ष जाईल." त्यांनी पाकीट हातात घेतलं. "पण पाचोडच्या पोरांना शिकवायला त्या तिसांतलं कुणी पाठवावं असं मला वाटत नाही."

त्यांनी स्वतःच लाख फोडली. चिठ्ठीची चूक स्वतःच्या नावावर लिहिली, माझ्या शून्याची चूक मी माझ्या नावावर लिहिली. प्राचार्यांच्या घरी जाऊन परवानगी आणली. सोमवारी सकाळी सातला सगळ्या वर्गानं प्रयोग पुन्हा करायचा, चिठ्ठीशिवाय. रशीदभाई सायकलवर वसतिगृहापासून किराडपुऱ्यापर्यंत हिंडून निरोप देऊन आले. पाचोडला निरोप एसटीच्या कंडक्टरनं नेला. सुमनला यायची गरज नव्हती, असा तो निरोप होता. ती पहिल्या गाडीनं आली.

सकाळची हवा बरी होती, सत्तावीस अंश. मुलं नळ्यांपाशी अशी उभी राहिली की जणू पहिल्यांदाच त्यांना कान मिळाले आहेत. कुणाचं उत्तर कुणाशी जुळेना. एकजण रडकुंडीला येऊन म्हणाला, "मॅडम, नक्की किती यायला पाहिजे?" मी म्हणाले, मलाही माहीत नाही, तूच सांग. हळूहळू उत्तरं तीनशे अठ्ठेचाळीसच्या आसपास गोळा झाली. काही चुकली, चारजण नापास झाले आणि ते खरोखरचे नापास होते.

सुमनच्या वहीत आलं तीनशे अठ्ठेचाळीस. तिनं खाली स्वतःहून दोन ओळी लिहिल्या होत्या: परवा हवा तापलेली होती, आज गार आहे, म्हणून उत्तर आठ मीटरनं कमी.

"परवाच का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तुम्ही म्हणलात चुकलंय. तुम्ही तर समुद्राकडच्या. मला वाटलं, तुमचंच खरं आसंल."

निघताना रशीदभाईंनी डब्यात नान बांधून दिली. त्यांच्या अंगावर काही आलं नाही. सरांनी सगळं स्वतःवर घेतलं होतं.

घरी

घरी आल्यावर पहिल्यांदा कॉलेजात जाऊन माझा कप्पा उघडला. माझी चिठ्ठी तिथं होती. तीनशे त्रेचाळीस. माझंच अक्षर, शाई तपकिरी झालेली. एका जानेवारीत सकाळी केली होती आणि मग दरवर्षी तीच नव्या कागदावर उतरवत आले. मेस्त्रीची परीक्षा मे महिन्यात होती. भर दुपारची. त्यानं तीनशे बावन्न लिहिलं होतं, आणि तो म्हणत होता, बाई, मला तिथंच ऐकू येतंय. ती नऊ मीटरची गोष्ट मी चहाबरोबर किती वेळा सांगितली होती ते मोजायचं धाडस मला झालं नाही.

रविवारी बंदरावर गेले. तो एका होडीत चालू इंजिनावर वाकून काम करत होता. मला पाहून उठला, तेलाचे हात मागे लपवले. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, औरंगाबाद, ऊन, सनई, चिठ्ठी. शेवटी म्हणाले, "तुझं बरोबर होतं. मी चुकले."

मग त्यानं चालू इंजिनावर तळवा टेकवून ठेवला.

"बाई, इतकी वर्सां माका वाटत होता, माझोच कान वायट. म्हणान मी इंजिनाक कान लावणंय नाय. हात लावतंय."

इंजिन धडधडत होतं. त्यानं हात उचलला, ते बंद केलं, परत चालू केलं आणि या वेळी डोकं वाकवून कान त्याच्याजवळ नेला. मी तिथंच उभी राहिले.